भाकीत छापता, मग हिशोबही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, आदल्या दिवशी तुमच्या खेळाच्या पानावर एक चौकट आली होती, अमेरिकेचा महामुकाबला कोण जिंकणार अशी. त्यात एका एआय अॅपने सांगितलेला विजेता होता, वर नेमका स्कोअर पण दिलेला, आणि शेजारी एका ज्योतिषांनी ग्रहमान बघून दिलेलं उत्तर. दोघांच्या टीम वेगळ्या होत्या म्हणजे दोघांपैकी एक जण बरोबर येणार हे ठरलेलंच होतं. मॅच आपल्याकडे सोमवारी सकाळी झाली, मंगळवारच्या अंकात निकालाची चार ओळींची बातमी आली आणि त्या चौकटीबद्दल एक अक्षर नाही. टीमची नावं मी मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव आलं की लगेच "मी म्हणलो होतो ना" वाले सुरू होतात (एक आमच्या घरातच आहे, माझा नवरा), आणि माझी तक्रार कोण जिंकलं याबद्दल नाहीच आहे. भाकीत मोठ्या टायपात छापायचं आणि निकाल लागला की त्याचं नावही काढायचं नाही, तक्रार याबद्दल आहे.

आता पुण्यात बसून अमेरिकन फुटबॉलची एवढी काळजी कशाला असं कोणी म्हणेल. तर हिंजवडीला अमेरिकन क्लायंटची कामं करणारे माझ्यासारखे भरपूर लोक या शहरात आहेत आणि फेब्रुवारी आला की कॉलवरची पहिली दहा मिनिटं याच विषयावर जातात. तिकडे रविवारी संध्याकाळी साडेसहा म्हणजे आपले सोमवारचे पहाटेचे पाच. आमच्या ऑफिसात स्क्वेअर्सचा तक्ता लागतो, दहा बाय दहा घरं, प्रत्येकाने एकेक घर आपल्या नावावर करायचं, मग आडव्या ओळीत एका टीमसाठी आणि उभ्या ओळीत दुसऱ्या टीमसाठी शून्य ते नऊ अंक चिठ्ठ्या टाकून भरायचे, आणि दर क्वार्टरच्या शेवटी दोन्ही स्कोअरचे शेवटचे अंक ज्याच्या घरात जुळतील तो जिंकला. पैसे नाही लावत, एचआरचं लक्ष असतं, चॉकलेटचा डबा ठेवतात. ज्याला शून्य आणि सात मिळतात तो दिवसभर खूश असतो आणि ज्याच्या वाट्याला दोन-पाच येतं त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. कारण टचडाउनचे (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की) सहा अधिक किकचा एक असे मिळून सात, आणि फील्ड गोलचे (चेंडू लाथेने खांबांमधून मारला की) तीन, बहुतेक स्कोअर या सात आणि तीनच्या बेरजेतून तयार होतात. म्हणजे कुठला अंक जास्त येईल हे आधी सांगता येतं, पण कोणाचा येईल हे नाही. मला तर वाटतं हा खेळ कितपत सांगता येतो आणि कितपत नाही हे त्या तक्त्यावरून जेवढं कळतं तेवढं तुमच्या चौकटीवरून कळत नाही.

मुळात ही फायनल सांगायला एवढी अवघड का ते बघा. एनएफएलमध्ये, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये, ३२ टीम, प्रत्येकीच्या सीझनमध्ये फक्त १७ मॅच, त्यातून १४ टीम प्लेऑफला जातात आणि तिथून पुढे एक हरलात की घरी. आयपीएलला पहिली क्वालिफायर हरली तरी दुसरा चान्स असतो, इथे तोही नाही. तिकडचे बास्केटबॉलवाले बेसबॉलवाले फायनलला सात मॅचची मालिका खेळतात, त्यात चांगली टीम बहुतेक वेळा वर येते, इथे एकच मॅच आणि तीही सहसा तिसऱ्याच शहरात, म्हणजे होम ग्राउंडचा फायदाही कोणाला नाही (अपवाद म्हणजे २०२१ ला टँपा बे आणि २०२२ ला लॉस एंजेलिस रॅम्स, हे दोघं आपल्याच स्टेडियममध्ये खेळले आणि जिंकले). चेंडू तर दोन्ही टोकांना निमुळता, जमिनीवर पडला की कुठे उडेल काही सांगता येत नाही, आणि हातातून सुटलेला चेंडू शेवटी कोणाच्या पोटाखाली सापडतो यावर अख्खी मॅच फिरते. २०१५ च्या फायनलला सिअ‍ॅटल सीहॉक्स जिंकण्यापासून एक यार्ड लांब होते, मीटरभर पण नाही, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ राहिलेला, त्यांनी पळण्याऐवजी पास टाकला आणि न्यू इंग्लंड पॅट्रियट्सच्या माल्कम बटलर नावाच्या पोराने तो मधेच पकडला, ज्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन खेळाडूंच्या निवडीत, एकाही टीमने निवडलेलं नव्हतं. संपलं. २८-२४. आता मला सांगा, हे कुठल्या ग्रहात दिसणार होतं आणि कुठल्या अॅपमध्ये?

आपल्याला हे समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही म्हणा. १९ नोव्हेंबर २०२३ ची वर्ल्ड कप फायनल आठवतेय सगळ्यांनाच, सलग दहा मॅच जिंकून आलेली टीम, अहमदाबादचं स्टेडियम निळं झालेलं, आणि आपण २४० ला ऑलआउट, मग ट्रॅव्हिस हेडच्या १३७. त्या दिवशी सकाळी कोणी "भारत जिंकायची शक्यता ७० टक्के" म्हटलं असतं तर त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं असतं की फक्त ७०? आणि रात्री त्यालाच म्हटलं असतं की बघ, चुकलास. तो दोन्ही वेळा चुकलेला नव्हता. आणि गहुंजेला ऑक्टोबर २०२४ मध्ये काय झालं? मायदेशात सलग १८ कसोटी मालिका जिंकून आपण तिथे उतरलो आणि न्यूझीलंडच्या सँटनरने एकट्याने १३ विकेट काढल्या, ११३ रनने हरलो आणि मालिका गेली. त्याआधी कुठल्या पेपरात न्यूझीलंडला चान्स दिलेला वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

मग अमेरिकेतले लोक काय करतात? तिकडे बेटिंग चालतं, २०१८ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने जुना केंद्राचा बंदीचा कायदा रद्द केल्यापासून तर बऱ्याच राज्यांत उघड चालतं, ते चांगलं का वाईट ते बाजूला ठेवू. पण त्या धंद्यातून एक कामाचा आकडा निघतो, त्याला ते स्प्रेड म्हणतात. एखाद्या टीमपुढे उणे सात लिहिलं असेल तर याचा अर्थ बाजाराच्या मते ती सात पॉइंटने वरचढ आहे. ज्यांचे पैसे पणाला आहेत अशा लोकांच्या खेचाखेचीतून तो आकडा ठरतो, त्यामुळे टीव्हीवर कोट घालून बसलेल्या माजी खेळाडूच्या मतापेक्षा तो सहसा जास्त भरवशाचा निघतो. आणि आता खरी गंमत. १९९१ मध्ये हॅल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञाने एनएफएलच्या मॅचेसचा हिशोब मांडला, स्प्रेड किती होता आणि प्रत्यक्ष फरक किती पडला, तर त्याला असं दिसलं की स्प्रेड सरासरीने बरोबर असतो पण एकेका मॅचला निकाल त्याच्या दोन्ही बाजूंना भयंकर पसरतो, प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा फरक, जवळजवळ १४ पॉइंट (त्याचा आकडा १३.८६). म्हणजे सात पॉइंटने वरचढ टीमच्या बाबतीत सुद्धा निकाल आरामात सात उणे चौदा इकडे आणि सात अधिक चौदा तिकडे जाऊ शकतो. यावरून गणित केलं तर तीन पॉइंटची फेव्हरिट टीम शंभरातल्या ५८-५९ वेळा जिंकते, सातची ६९ वेळा, आणि चौदाची, जिला सगळे "एकतर्फी" म्हणतात, ती ८४ वेळा. सातवाली टीम हरली की दुसऱ्या दिवशी धक्कादायक, खळबळजनक, असं छापून येतं. अहो, जवळपास तीनातून एकदा ते होणारच आहे, धक्का कसला त्यात.

आणि सुपर बोलच्या दोन्ही टीम गाळून गाळून वर आलेल्या असतात त्यामुळे अलीकडे तरी स्प्रेड बहुतेक वेळा तीनच्या आसपासच घुटमळतो. २०२२, २०२३, २०२४ या तिन्ही फायनल तीन-तीन पॉइंटने संपल्या, २३-२०, ३८-३५, २५-२२. अशा मॅचला नेमका स्कोअर छापणं म्हणजे नुसती हौस.

याच हिशोबाने जुन्या गोष्टी तपासून बघा. १२ जानेवारी १९६९, तिसरा सुपर बोल, बाल्टिमोर कोल्ट्स १८ पॉइंटने फेव्हरिट, आणि न्यू यॉर्क जेट्सचा जो नेमथ मॅचच्या तीन दिवस आधी मायामीत म्हणाला की आम्ही जिंकणार, गॅरंटी देतो. जिंकले, १६-७. अजून त्याचं नाव भविष्यवेत्त्यासारखं घेतात. १८ पॉइंटचा स्प्रेड म्हणजे साधारण १० टक्के चान्स, कमी आहे पण अशक्य नाही, आणि छातीठोक गॅरंटी देऊन नंतर हरलेल्यांची नावं कोणी पाठ करत नाही म्हणून नेमथ एवढा मोठा दिसतो. पुढे २००२ ला पॅट्रियट्स १४ पॉइंटने मागे धरलेले होते आणि त्यांनी रॅम्सना २०-१७ हरवलं, मग २००८ ला तेच पॅट्रियट्स त्या सीझनचे अठराच्या अठरा सामने जिंकून साधारण १२ पॉइंटचे फेव्हरिट म्हणून उतरले आणि न्यू यॉर्क जायंट्सकडून १७-१४ ने हरले. २०१७ चं तर विचारूच नका, अटलांटा फाल्कन्स २८-३ ने पुढे, मॅच चालू असताना शक्यता मोजणाऱ्या तिकडच्या लाइव्ह मॉडेलमध्ये त्यांची जिंकायची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर दिसत होती, आणि पॅट्रियट्सनी बरोबरी केली, सुपर बोलच्या इतिहासात पहिल्यांदा जादा वेळ खेळला गेला, ३४-२८. मग ९९ सांगणारा मूर्ख का? लोक लगेच हो म्हणतात. पण शंभर वेळा ९९ टक्के सांगितलं तर सरासरीने एकदा असं व्हायलाच पाहिजे, कधीच झालं नाही तर उलट त्याचा आकडा कमी होता असं म्हणावं लागेल. एका मॅचवरून त्याला मूर्ख पण ठरवता येत नाही आणि शहाणा पण नाही, त्याची सगळी भाकितं एकत्र मांडून बघावी लागतात आणि तेवढी चिकाटी कोणाकडे नसते.

९ फेब्रुवारी २०२५ ची फायनल मला यासाठी फार आवडते. कॅन्सस सिटी चीफ्स सीझनमध्ये १५ जिंकून २ हरलेले, लागोपाठ तिसरा सुपर बोल घ्यायला आलेले जे आजवर कोणालाच जमलेलं नाही, समोर फिलाडेल्फिया ईगल्स, १४ आणि ३. बाजाराने चीफ्सना किंचित पुढे ठेवलं होतं, एक-दीड पॉइंट. पण ज्यांनी नुसते विजय न मोजता सीझनभर घेतलेले आणि दिलेले पॉइंट मोजले त्यांना वेगळं दिसत होतं, चीफ्सचे ३८५ विरुद्ध ३२६ म्हणजे ५९ ने पुढे, आणि ईगल्सचे ४६३ विरुद्ध ३०३ म्हणजे १६० ने पुढे. चीफ्सनी काठावरच्या मॅचेस एकामागून एक जिंकल्या होत्या आणि काठावरच्या विजयात नशिबाचा वाटा मोठा असतो, पुढच्या वेळी ते परत येईलच असं नाही. हाफटाइमला ईगल्स २४-०, शेवटी ४०-२२. आता निकालानंतर मी हे ऐटीत सांगतेय हे मला कळतंय, निकालानंतर कारणं सगळ्यांनाच सुचतात, आणि नेमकं म्हणूनच आधी आकडा लिहून ठेवायचा असतो.

गमतीची भाकितं छापू नका असं मी म्हणत नाही. मॅडन नावाचा व्हिडिओ गेम आहे, ती कंपनी दरवर्षी सुपर बोलच्या आधी गेममध्येच मॅच खेळवून निकाल सांगते. २०१५ ला त्यांनी सांगितलं पॅट्रियट्स २८, सीहॉक्स २४, आणि तो बटलरचा कॅच होऊन खरंच तेच झालं, पॉइंट टू पॉइंट! जगभर बातमी. पण त्याच गेमने आदल्या वर्षी डेन्व्हर ब्रॉन्कोज जिंकणार म्हणून सांगितलं होतं आणि ते ४३-८ असे धुतले गेले, ही बातमी किती जणांनी वाचली? २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपचा जर्मनीतला पॉल ऑक्टोपस आठवत असेल, आठपैकी आठ बरोबर. कावळा पिंडाला शिवला की नाही यावरून जसा अर्थ काढतात तसा अर्थ तो कुठल्या झेंड्याच्या डब्यातलं खातो यावरून काढत होते. नुसत्या नशिबावर आठपैकी आठ येण्याची शक्यता २५६ मध्ये एक, आणि त्या वर्षी जगात किती प्राणिसंग्रहालयांनी किती प्राण्यांपुढे झेंडे लावून डबे ठेवले असतील विचार करा, जो चुकला त्याचा फोटो कोण छापणार.

सुपर बोलच्या नाणेफेकीचं पण असंच. १९९८ ते २०११ सलग चौदा वर्षं एनएफएलच्या दोन गटांपैकी एनएफसी गटाच्या टीमनेच टॉस जिंकला. १६,३८४ मध्ये एकदा होणारी गोष्ट, आणि त्यामागे कारण काय तर काहीच नाही. शेअर बाजारवाल्यांनी तर कहर केलाय, लेनर्ड कॉपेट नावाच्या क्रीडा पत्रकाराने १९७८ मध्ये गमतीत लिहिलं की जुन्या (म्हणजे दुसरी लीग त्यात मिसळण्याआधीच्या) एनएफएलमधली टीम सुपर बोल जिंकली की त्या वर्षी बाजार वर जातो, नाहीतर खाली, आणि तोवर हे एकदाही चुकलेलं नव्हतं. लोकांनी ते खरंच धरलं, त्यावर पेपर लिहिले. मग २००८ ला जायंट्स जिंकले, म्हणजे बाजार वर जायला हवा होता, आणि त्या वर्षी डाऊ जोन्स, म्हणजे तिकडच्या शेअर बाजाराचा निर्देशांक, एक तृतीयांश कोसळला. तरी दर फेब्रुवारीत कोणीतरी ते परत काढतंच.

तुमच्या चौकटीतल्या ज्योतिषांबद्दल मला वेगळं काही म्हणायचं नाही, फक्त एवढंच की याची रीतसर तपासणी आपल्याच गावात झालेली आहे आणि पुण्याच्या पेपरला ती माहीत असायला हवी. जयंत नारळीकर सर, सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि नरेंद्र दाभोलकर यांनी २००८ मध्ये ती केली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवल्या आणि विचारलं की यातली कुठली कोणत्या गटातली ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून ४० पैकी २० येतात. सगळ्यात चांगला आला त्याचे २४ आणि सगळ्यांची मिळून सरासरी २० च्याही खाली. २००९ मध्ये करंट सायन्समध्ये छापून आलं, आकड्यांसकट. मला त्या २७ जणांबद्दल खरं तर आदर वाटतो, निदान त्यांनी आपली उत्तरं लेखी दिली आणि तपासू दिली. टीव्हीवरचे तज्ज्ञ तेवढंही करत नाहीत.

आणि पुणेकर ज्यांची सगळ्यात जास्त टिंगल करतात ते शिवाजीनगरचं सिमला ऑफिस बघा. वेधशाळेने पाऊस म्हटलं की छत्री घरी ठेवा वगैरे विनोद आपण लहानपणापासून ऐकतोय. पण हवामान खातं एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज देतं तेव्हा काय देतं? सरासरीच्या किती टक्के पाऊस आणि त्यात चूक किती होऊ शकते तेही. २०२३ ला सांगितलं ९६ टक्के, पाच इकडे तिकडे. पडला ९४. आणि सीझन संपल्यावर अंदाज किती आणि प्रत्यक्ष किती हे ते स्वतःच जाहीर करतात. भाकीत कसं तोलायचं याचं मापही हवामानवाल्यांनीच दिलंय, ग्लेन ब्रायर नावाचा अमेरिकेच्या हवामान खात्यातला माणूस, १९५०. पद्धत एवढी सोपी आहे की आठवीतल्या पोराला जमेल. तुम्ही ७० टक्के म्हणालात आणि ती टीम जिंकली तर एकातून ०.७ वजा करा, उरले ०.३, त्याचा वर्ग ०.०९, तो तुमचा दंड. हरली तर ०.७ चा वर्ग ०.४९. जो नेहमी ५०-५० म्हणत बसतो त्याला दर वेळी ०.२५, म्हणजे काहीच न सांगणाऱ्याचा दंड पाव. आणि जो ९५ टक्के म्हणून तोंडावर आपटतो त्याला एकाच फटक्यात ०.९० च्या वर. वर्षभराची सरासरी काढा, ज्याची पावपेक्षा जास्त आली त्याच्यापेक्षा नुसतं ५०-५० म्हणणारा बरा. आता तुमच्या चौकटीतलं एआय आणि ज्योतिषी या दोघांनाही टक्केवारी विचारलीच नव्हती, "जिंकणार" एवढंच, म्हणजे १०० टक्के धरायचं, मग चुकलेल्याला पूर्ण एक.

ही पद्धत खेळापुरती ठेवायची पण गरज नाही. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या वर आणि काहींनी थेट ४०० ला नेऊन ठेवलं होतं, आल्या २९३. चार दिवस आरडाओरडा झाला, मग नोव्हेंबरात विधानसभेला तीच मंडळी परत त्याच खुर्च्यांवर, आणि स्क्रीनवर मागच्या वेळी किती चुकला होतात याची एक पट्टी नाही.

एवढं सगळं मी का लिहितेय तर यात पोरांचे पैसे जातात. आमच्या सोसायटीतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा टेलिग्रामवरच्या एका टिप्सवाल्याच्या नादी लागला, क्रिकेटच्या टिप्स, त्याच्या म्हणण्याप्रमाणे "काकू, सलग सहा बरोबर आल्या हो". हे सहा कसे येतात ते बघा. समजा मी ६४०० जणांना मेसेज केला, निम्म्यांना लिहिलं अ जिंकणार, निम्म्यांना ब. मॅच झाली, ज्यांना चूक सांगितलं त्यांना सोडून दिलं, उरले ३२००. परत निम्मे निम्मे, १६००, ८००, ४००, २००, शेवटी १०० जण असे उरतात ज्यांच्या दृष्टीने मी सहापैकी सहा बरोबर सांगितलेला देवमाणूस. सातव्या टिपचे पैसे या शंभर जणांकडून घ्यायचे. मला क्रिकेटमधलं अ का ढ कळायची गरज नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला हे ठीक, पण असले टिप्सवाले त्याने थांबत नाहीत, ते नुसता नवीन ग्रुप काढतात. त्या मुलाने आईच्या खात्यातून पैसे दिले होते, आणि त्याचा ठाम विश्वास आहे की सातवी टिप चुकली ते त्याचं नशीब. पेपरमध्ये रोज "अचूक भाकीत" असे मथळे वाचून वाढलेल्या पोराला दुसरं काय वाटणार, तुम्हीच सांगा.

तर माझी मागणी फार मोठी नाही. पुढच्या वेळी कुठल्याही फायनलचं भाकीत छापाल, सुपर बोल असो, आयपीएल असो नाहीतर सवाई गंधर्वला यंदा थंडी किती पडणार हे असो, सांगणाऱ्याकडून टक्के घ्या. टक्के द्यायला तयार नसेल तर त्याचं भाकीत छापूच नका, एका माणसाची जागा वाचेल. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत, कोण काय म्हणाला होता आणि किती दंड बसला ते द्या. वर्षाच्या शेवटी एकूण बेरीज. मला खात्री आहे की हे राशिभविष्याइतकंच वाचलं जाईल, कदाचित जास्त, कारण दुसऱ्याचा दंड बघायला पुणेकरांना भयंकर आवडतं. ज्योतिषांनाही घ्या, एआयला घ्या, तुमच्या क्रीडा संपादकांना घ्या, आणि एक ओळ नुसत्या "५०-५०" ची ठेवा म्हणजे सगळ्यांना कोणाला हरवायचंय ते कळेल. हिशोब ठेवायला माणूस नाही असं उत्तर येणार असेल तर मी ठेवून देते, एक्सेलची शीट तयार आहे, मानधन नको.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचं तर नवऱ्याचा उल्लेख कापा, ऑक्टोपस पण गेला तरी चालेल, पण कृपया ब्रायरचं गणित आणि त्यातले आकडे तसेच ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे